पपई, पिवळे तळहात आणि थायरॉइड : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "शहाद्याकडे घरोघरी पपई खातात. आमच्या आईचेही तळहात पिवळे आहेत. त्यात थायरॉइड आणि लिव्हर घुसवून लोकांना कशाला घाबरवता? फार तर व्हिटॅमिन एची गोळी द्या."

आधी माझी चूक. पपईतल्या कॅरोटीनचं (तिच्या पिवळ्या-केशरी रंगद्रव्याचं) व्हिटॅमिन ए लिव्हरमध्ये होतं, असं मी लिहून बसलो. ते मुख्यतः आतड्याच्या अस्तरात होतं, लिव्हरमध्ये थोडंच. साठा मात्र लिव्हरमध्ये. आणि नुसती पपई हाणली तरी हात पिवळे होतात, हेही मान्य.

पण माझ्या मावशीचं ऐका. गाडी भरताना डागी पपई व्यापारी बाजूला टाकतो, ती घरी येते. दोन महिने सगळं घर तीच खात होतं; पिवळी पडली एकटी मावशी. शेजारीण विचारे, "कावीळ व्हयनी का?" डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली, तर डोळा पांढरा. काविळीत तो पिवळा दिसतो. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, नॉर्मल; टीएसएच मात्र चढलेलं, म्हणजे थायरॉइड मंदावल्याची खूण. थायरॉइड मंदावलं की कॅरोटीनचं रूपांतरही मंदावतं, ते रक्तात साचतं आणि तळहात-तळपायाच्या जाड कातडीत दिसतं.

थायरॉइड आणि लिव्हरचा खरा संबंध दिसतो व्हिटॅमिन बी-टूमध्ये. खाल्लेलं बी-टू जसंच्या तसं कामाचं नसतं. लिव्हरमधलं फ्लेव्होकायनेज हे एन्झाइम त्याला कामाच्या रूपात आणतं, आणि त्या एन्झाइमला चालना देतं थायरॉइड हार्मोन. 1960 च्या दशकात संशोधक रिचर्ड रिव्हलिन यांनी हे उंदरांवर दाखवलं : थायरॉइड मंदावलेल्या उंदराचं लिव्हर, खाणं पुरेसं असूनही, बी-टू न मिळालेल्या उंदरासारखं दिसलं. पुढे माणसांतही थायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनचं औषध) सुरू केल्यावर, आहारातलं बी-टू न वाढवता, हे सुधारल्याचं दिसलं. धान्य भरपूर, पण चक्कीच बंद; पोती आणून काय उपयोग?

म्हणून एची गोळी मनाने देऊ नका. जास्तीचं ए लिव्हरमध्येच साठतं आणि त्यालाच इजा करतं. मावशीला थायरॉक्सिनच दिलं, सकाळी उपाशीपोटी. हात निवळायला काही महिने गेले. पपई तिने सोडली नाही, हट्टी आहे.

आईचा डोळा उन्हाच्या उजेडात बघा. पिवळा असेल तर आजच दवाखाना गाठा. पांढरा असेल, पण थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सोसत नाही असं काही असेल, तर टीएसएच करून घ्या.