सिबिल फुकट दिसू नये म्हणून घ्यायची काळजी

सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून आपली पत सांगणारा आकडा, पाहायचा तर पैसे मोजूनच पाहावा. फुकटात आलेल्या आकड्याला घरात कोण विचारतो? रिझर्व्ह बँकेला मात्र ही साधी गोष्ट कळली नाही. तिने जानेवारी २०१७ पासून नियमच करून टाकला, की लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने दर कॅलेंडर वर्षात एकदा संपूर्ण अहवाल, स्कोअरसकट, विनामूल्य द्यायचा. त्यात कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला, तर वर्षभर नजर राहते आणि खिशातून दमडी जात नाही. असला चिकटपणा शोभत नाही.

सुदैवाने कंपनीची वेबसाइट तुमच्याच बाजूने आहे. सिबिलच्या पानावर वर्गणीच्या योजना ठळक चौकटींत मांडलेल्या असतात. डोळे मिटून त्यातली एक घ्या. फुकटच्या वार्षिक अहवालाची लिंकही तिथेच असते, ती शोधत बसू नका. चुकून सापडलीच आणि पॅन, जन्मतारीख, पिनकोड, मोबाइल भरून ओटीपी टाकलात, तर मध्येच पुन्हा वर्गणीचं पान आडवं येईल. त्यावर कुठेतरी ‘नो थँक्स’ असतं. तिकडे बोट जाऊ देऊ नका, नाहीतर थोड्याच वेळात अहवाल हातात पडायचा.

पैसे द्यायचेच नसतील, तर कर्ज विकणारं एखादं ॲप उघडा. तेही स्कोअर फुकट दाखवतं. खालच्या चौकटीत बहुधा आधीच टिक केलेली असते, ती वाचू नका. अहवाल पुन्हा पुन्हा उघडायची आणि ‘भागीदारांनी’ फोन करायची संमती त्यातच असते. मग दुपारी जरा डोळा लागला, की ‘सर, प्रीअप्रूव्ड पर्सनल लोन’ ऐकायला मिळेल. एखादी बँक किंवा वित्तसंस्था तुमचा अहवाल उघडते तेव्हा एसएमएस किंवा ईमेल यायला हवा, असाही नियम आहे. तो आला की न वाचता पुसा.

स्वतः पाहिल्याने स्कोअर घसरतो, ही समजूत जिवापाड जपा. खरं तर आपली आपण केलेली चौकशी स्कोअरमध्ये धरतच नाहीत. धरतात ती कर्जाचा किंवा कार्डाचा अर्ज आल्यावर बँकेने केलेली चौकशी. तेव्हा आपली पत जाणून घ्यायचा राजमार्ग म्हणजे एकाच आठवड्यात सहा बँकांत कार्डासाठी अर्ज करणे. सहाव्या बँकेच्या नकारातून पत आपोआप कळते.

एवढं करूनही अहवाल हाती आलाच, तर फक्त मोठा आकडा पाहा. तो ३०० ते ९०० मध्ये असतो. हिरव्या रंगात दिसला की नाक्यावर सांगत सुटा आणि पुढची पानं उघडू नका. तिथे प्रत्येक खात्याखाली महिन्यामहिन्याचे चौकोन असतात. ‘०००’ म्हणजे हप्ता वेळेवर, ‘०३२’ म्हणजे बत्तीस दिवस थकलेला. दोन वर्षांपूर्वी कात्रीने कापून कचऱ्यात टाकलेलं कार्ड तिथे चालू खातं म्हणून बसलेलं दिसेल. कारण कापलं प्लास्टिक, खातं बंद करा असं बँकेला कोणी कळवलंच नाही. वार्षिक शुल्क लागलं, त्यावर व्याज चढलं आणि चौकोन भरत गेले. साडूच्या टेम्पोला सही केलीत तेही कर्ज तुमच्याच अहवालात, ‘गॅरंटर’ म्हणून. साडू हप्ते भरतो की नाही हे त्याला विचारणं वाईट दिसतं, आणि अहवाल तर न विचारताच सांगतो. म्हणून तो पाहूच नये. थकबाकी तडजोडीत मिटवून ‘विषय संपला’ म्हणत असाल, तर त्या खात्यापुढचा ‘सेटल्ड’ शब्दही वाचू नका. बँकेच्या लेखी त्याचा अर्थ पूर्ण फेड असा नाही.

चूक सापडली तर गप्प बसा. तक्रार ऑनलाइन आणि मोफत करता येते, हेच तिचं वैगुण्य. अहवालावरचा कंट्रोल नंबर घालून नेमकं खातं दाखवावं लागतं. कंपनी स्वतःच्या मनाने नोंद बदलत नाही, बँकेला विचारते. बँकेला २१ दिवस, सगळं मिळून ३० दिवस. त्यापुढे उशीर झाला तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ज्याच्यामुळे उशीर झाला त्यानेच ती द्यायची. तेवढ्यासाठी तारखा कोण लिहून ठेवणार? शिवाय सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर लोकपाल. तिथेही फी नाही! फुकटेपणाला काही मर्यादा हवी की नको?

त्यापेक्षा विजेच्या खांबावरचा ‘सिबिल ७५०+ करून मिळेल’ हा कागद बरा. खरी थकबाकी अहवालातून कोणालाच पुसता येत नाही, पण तो माणूस आशा दाखवतो आणि आगाऊ रक्कम घेतो. पॅन आणि आधारचे फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. ओटीपी आला की लगेच सांगा, त्याला पुढची गिऱ्हाइकं असतात.