खरवडण्याआधी ती सायकल नीट बघा

जुन्या रेसिंग सायकलींविषयी एक संदेश बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: पन्नास वर्षांत स्टील ‘मऊ’ पडतं, म्हणून फ्रेमचा भरवसा धरू नये, सायकल हाती आली की रंग खरवडून पावडर कोटिंग करून घ्यावं, आणि सगळे भाग कॅम्पॅग्नोलो या इटालियन कंपनीचे लावले की ती अस्सल झाली. यातलं एकही खरं नाही. पहिल्या समजुतीने चांगल्या फ्रेम भंगारात जातात, दुसरीने त्यांचं जे नुकसान होतं ते परत भरून येत नाही.

आधी स्टील. नळीचा ताठपणा धातूच्या स्थितिस्थापकतेवर आणि नळीच्या व्यास-जाडीवर ठरतो, आणि यातलं काहीही वापराने कमी होत नाही. १९३५ साली आलेल्या, फ्रेमसाठीच्या रेनॉल्ड्स ५३१ या ब्रिटिश नळ्या आजही तेवढ्याच ताठ आहेत. भीती गंजाची आणि तड्यांची. बीबीचे, म्हणजे पायडलचा आस जिथे फिरतो त्या खालच्या जोडाचे, कप काढून आत बॅटरी मारा. (इटालियन फ्रेमचे दोन्ही कप सरळ आट्यांचे, इंग्लिश फ्रेमचा चेनकडचा कप उलट्या आट्यांचा, हे न पाहता पाना फिरवला तर आटे जातात.) मग हँडलखालच्या जोडामागे, खालच्या नळीच्या पोटावरून बोट फिरवा. तिथे सुरकुती लागली तर सायकल समोरून कुठेतरी धडकली आहे, ती रस्त्यावर काढू नका. नुसत्या वयावरून मात्र फ्रेम बाद करू नये.

रंगाबद्दल मला जास्त कळकळ आहे. कोलंबस एसएल या इटालियन नळीची जाडी टोकांना ०.९ मिलिमीटर आणि मधे ०.६. गेट आणि ग्रिल साफ करणारा सँडब्लास्टिंगवाला तिच्यावर तोच मारा करतो. वर पावडरचा जाड थर बसला की कारागिराने कानशीने पातळ केलेल्या लगच्या (नळ्या जोडणाऱ्या धातूच्या खोबणींच्या) कडा बुजतात. मूळ रंग म्हणजे पुरावा असतो. माझ्याकडच्या एका इटालियन सायकलचा मळ ओल्या फडक्याने काढला, तेव्हा आडव्या नळीवर तीन पट्ट्यांचे ठसे दिसले. मागच्या ब्रेकची केबल धरणाऱ्या क्लिपा तिथे होत्या आणि कुणीतरी काढून टाकल्या होत्या. नव्या क्लिपा कुठे बसवायच्या, हे मला त्या ठशांनी सांगितलं. रंग आधीच गेलेला असेल, गंज सगळीकडे पसरला असेल, तर रंगवा जरूर; पण पातळ स्प्रेने.

आता ‘सगळं कॅम्पॅग्नोलो’. तुल्लिओ कॅम्पॅग्नोलो यांनी १९३३ मध्ये व्हिचेंझात सुरू केलेल्या या कंपनीच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिचे स्वतःचे ब्रेक १९६०च्या दशकाच्या अगदी अखेरीस आले. त्यामुळे १९६५च्या सायकलवर ते दिसले तर ते नंतर कुणीतरी बसवलेले. त्या काळचे स्पर्धक युनिव्हर्सलचे किंवा माफाकचे ब्रेक लावत, हँडल चिनेल्लीचं, चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चकत्यांची जुडी) रेजिनाचं. म्हणजे काळाला धरून असलेली सायकल बहुतेकदा मिश्रच असते. खुद्द कॅम्पॅग्नोलोच्या भागांतही साल पाहावं लागतं: ‘रेकॉर्ड’ क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) चेनरिंग, म्हणजे पुढची दातेरी चकती, धरणाऱ्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास आधी १५१ मिलिमीटर होता, १९६७ पासून १४४ झाला. सत्तरच्या दशकातल्या ‘नुओव्हो रेकॉर्ड’ डिरेलरवर (गियर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागावर) तर ‘पेटंट-७३’ यासारखं साल कोरलेलंच असतं.

इटलीतल्या गायोले इन कियांतीत १९९७ पासून ‘एरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी भरते. तिथे सायकल १९८७ पूर्वीची लागते, गियरचे दांडे खालच्या नळीवर, पायडलला पट्टे, ब्रेकच्या केबल हँडलच्या बाहेरून. सगळे भाग एकाच कंपनीचे हवेत, अशी अट तिथेही नाही.