‘लहान मुलांना संधिवात होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘मुलांना संधिवात होतच नाही, ते वाढीचं दुखणं. तेल चोळा, आंबट बंद करा. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असेल तर डॉक्टरांच्या मागे लागू नका, ते कॅन्सरची औषधं देतात.’ पालकांच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज वाचून कुणाच्या मुलाची तपासणी लांबू नये, म्हणून हे लिहितेय.

मुलांच्या संधिवाताचं सविस्तर वर्णन लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्येच केलं होतं. वयाच्या १६ वर्षांआधी सुरू झालेली, किमान ६ आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज, ही त्याची व्याख्या.

वाढीचं दुखणं संध्याकाळी किंवा रात्री येतं, दोन्ही पायांच्या पोटऱ्या-मांड्यांत. चोळलं की मूल झोपतं, सकाळी उड्या मारतं. संधिवातात सकाळच वाईट. सांधा आखडलेला, मूल लंगडतं, जिना उतरायला आईचा हात मागतं आणि दुपारी खेळायला लागतं. मग ‘शाळा बुडवायची नाटकं’ म्हणून त्यालाच ओरडा बसतो, याचं मला फार वाईट वाटतं. दोन्ही गुडघे शेजारी-शेजारी बघा. सुजलेल्या गुडघ्याच्या वाटीलगतचे खळगे भरून आलेले असतात, हाताला तो गरम लागतो.

रिपोर्टचं म्हणाल, तर बहुतेक मुलांत आरए फॅक्टर (संधिवातासाठी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्हच येतो. निदान होतं ते सांधे तपासून.

आंबटाचा काही संबंध नाही. सुजलेला सांधा मात्र रगडू नका.

संधिवातावर दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे औषध कॅन्सरमध्येही वापरतात हे खरं, पण इथे डोस खूपच कमी आणि आठवड्यातून एकदाच असतो. सोबत फॉलिक अॅसिड, ठरावीक काळाने रक्ततपासणी. चुकून रोज दिलं तर ते घातक ठरतं, म्हणून वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.

‘वयाबरोबर जातं’ हे काही मुलांत घडतंही. पण तोवर एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब वाढू शकतो, जबड्याची वाढ खुंटू शकते. सगळ्यात फसवी डोळ्याच्या आतली सूज: लाली नाही, दुखणं नाही, नजर मात्र जाते. म्हणून निदान होताच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्लिट लॅम्पवर (डोळ्याच्या आतलं मोठं करून दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासणी हवी. लहान वयात थोडेच सांधे सुजले असतील आणि एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असेल, तर ही डोळ्यांची तपासणी साधारण दर ३ महिन्यांनी.

एकच सांधा अचानक सुजला, ताप आहे आणि मूल पाय टेकवत नाही, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.