मुका हिरो आणि कपाटात कोंडलेला गेम

रविवारी सकाळी ताईने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. ‘पालकांनो, सावधान!’ अशी सुरुवात, मध्ये पाच मुद्दे, शेवटी जोडलेले हात. मथितार्थ असा, की काही व्हिडिओ गेममधले हिरो मुद्दाम मुके ठेवतात आणि ते बघून मुलं बोलायची बंद होतात. एरवी असलं काही मी वाचतही नाही. पण दुपारपर्यंत माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याचा स्विच (गेम खेळायचं यंत्र) कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागलं. का, तर पाहुणे आले की तो गप्प बसतो आणि त्याच्या ‘झेल्डा’ गेममधला हिरो लिंकही बोलत नाही. झालं निदान!

पाचवा मुद्दा आधी घेतो, कारण खरं नुकसान तोच करतोय. ‘मुलं मुक्या हिरोचं अनुकरण करतात.’ कोण म्हणतं? मेसेजमध्ये ‘परदेशी डॉक्टर’ आहेत. नाव नाही, गाव नाही. आणि आमचा हा ‘न बोलणारा’ मुलगा गेल्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना एसटीत माझ्या शेजारी बसला होता. बर्फाच्या डोंगरावर चढण्याआधी तिखट मिरच्या परतून कशा खायच्या, म्हणजे लिंकला थंडी वाजत नाही, हे त्याने शिरवळपासून सांगायला घेतलं ते स्टँड येईपर्यंत. मला झोपायचं होतं. तो पाहुण्यांसमोर गप्प असतो, कारण पाहुणे त्याला ‘कितवा नंबर आला?’ याशिवाय काही विचारत नाहीत. मीही गप्पच बसलो असतो.

आता ज्या घरात मूल खरोखर बोलत नाही, तिथे हा मेसेज पोचला तर? घरी बडबड करणारं मूल शाळेत महिनोन्महिने तोंड उघडत नाही, असं होतं. त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात आणि डॉक्टर त्याची गणना चिंतेच्या विकारांत करतात. बहुतेकदा ते पाचव्या वर्षाच्या आतच सुरू होतं, म्हणजे हातात कंट्रोलर नीट धरता येण्याच्या आधी. उशिरा बोलणाऱ्या मुलाचे आधी कान तपासायचे असतात, मग स्पीच थेरपिस्टकडे जायचं असतं. ‘गेम काढून घेतलाय, आता बोलेल’ म्हणत घालवलेले सहा महिने कोण परत आणून देणार? हात जोडणारे?

तिसरा मुद्दा वाचून मात्र हसू आलं. ‘हे हिरो मेंदूला मार बसलेले दाखवतात.’ न बोलणाऱ्या हिरोंत सगळ्यात गाजलेला म्हणजे ‘हाफ-लाइफ’चा गॉर्डन फ्रीमन. तो एमआयटीचा पीएचडी आहे, भौतिकशास्त्रातला! तो बोलत नाही, कारण १९९८च्या त्या गेममध्ये सगळं त्याच्याच डोळ्यांनी दिसतं. कॅमेरा त्याच्या डोक्यातून बाहेर येतच नाही. तिथे मी मनात ‘पळा’ म्हणतोय आणि तो मोठ्याने ‘लढू या’ म्हणाला, तर तो वेगळा माणूस झाला, मी नाही. पुढच्या भागात त्याची साथीदार ॲलिक्स त्याला मितभाषी म्हणून टोमणाही मारते, म्हणजे बनवणाऱ्यांनाही गंमत ठाऊक होती. मेंदूची भानगड कुठून आली याचा मला अंदाज आहे. ‘पोर्टल २’ या दुसऱ्या गेमच्या सुरुवातीला एक बडबड्या रोबो नायिकेला म्हणतो, तुझ्या मेंदूला थोडी इजा झाली असेल, ‘ॲपल’ म्हणून दाखव. आपण बटण दाबतो आणि ती बोलण्याऐवजी उडी मारते. हा विनोद आहे. कोणीतरी तो केस पेपरसारखा वाचलाय.

पहिला मुद्दा पैशांचा: आवाज देणाऱ्या कलाकारांचा खर्च वाचवायला हिरो मुके ठेवतात. यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. २०१५च्या ‘फॉलआउट ४’मध्ये हिरोला आवाज दिला, तेव्हा पुरुष आणि स्त्री अशा दोन कलाकारांकडून प्रत्येकी सुमारे १३,००० ओळी रेकॉर्ड कराव्या लागल्या. खर्च आहेच. पण पैसा खर्चूनही उत्तराचे पर्याय एका वेळी चारच उरले आणि खेळणारे कुरकुरले. त्याच कंपनीचा २०२३चा ‘स्टारफील्ड’ आला, तो पुन्हा बिनआवाजाच्या हिरोसह. शिवाय सायबर कॅफेत तासावर पैसे मोजलेल्या आमच्या पिढीला आठवत असेल, ‘जीटीए ३’चा क्लॉड एक शब्द बोलत नाही, पण त्याच्या भोवतालच्यांना सिनेमातल्या नटांचे आवाज आहेत. वर्षभरात त्याच मालिकेतला ‘व्हाइस सिटी’ आला आणि त्याच्या हिरोला, टॉमीला, थेट हॉलिवूडच्या रे लिओटाचा आवाज! कंजूष माणूस असा वागत नाही.

दुसरा मुद्दा, जुन्या मशीनवर आवाजाची सोय नव्हती. १९८६ला, पहिला ‘झेल्डा’ आला तेव्हा, नव्हती, खरंय. २०१७च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये, म्हणजे भाचा खेळतो त्या ‘झेल्डा’त, होती. त्यात बाकी महत्त्वाची पात्रं आवाजासकट बोलतात, लिंक तेवढा नाही. चौथा मुद्दा, ‘जपानी लोक अबोल असतात’. फ्रीमन आणि त्याला घडवणारी कंपनी दोन्ही अमेरिकन. पुढे.

आणि लिंक मुका नाहीच मुळी. समोरचा विचारतो, आपण उत्तर निवडतो, त्यावर समोरचा चिडतो किंवा हसतो. आवाज तेवढा ऐकू येत नाही, कारण ती जागा खेळणाऱ्याची आहे. लिंक म्हणजे दुवा, माझ्या मते खेळणारा आणि खेळ यांच्यातला. 

शिवाय त्याच गेममध्ये राजकन्या झेल्डाची डायरी आहे. तिलाही आधी याच्या गप्प राहण्याचा राग येतो. मग एकदा ती सरळ विचारते. तो अडखळत सांगतो, की सगळ्यांचे डोळे आपल्यावर लागलेत, एवढं काही पणाला लागलंय, म्हणून खंबीर राहून सगळं मुकाट्याने सोसावं असं वाटतं. ती लिहिते, हे तर माझंच दुखणं. ताई, तिने विचारलं, हे लक्षात घे.

ती डायरी गेममधल्या हायरूल राज्याच्या किल्ल्यात, झेल्डाच्या खोलीत आहे. तुझं पोर अजून तिथवर पोचलेलं नाही, आणि आता तो किल्ला कपाटात आहे. किल्ली दे.