पॉश बोटीतून उतरलेला नाही

गेल्या आठवड्यात मामांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. वर ‘इंग्रजीची गंमत, जरूर वाचा’, खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: ब्रिटिश काळात विलायतेहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटीवर बडे साहेब येताना डाव्या बाजूची केबिन घेत आणि परत जाताना उजव्या बाजूची, कारण त्या बाजूला ऊन कमी. बोटीची डावी बाजू म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड. म्हणून ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’. या केबिनी महाग. कंपनी अशा तिकिटांवर पी-ओ-एस-एच असा जांभळा शिक्का मारी, आणि त्यावरून उंची गोष्टीला ‘पॉश’ म्हणू लागले.

मला हा फॉरवर्ड निदान सहाव्यांदा आला. शाळेत इंग्रजीच्या सरांनीही हेच सांगितलं होतं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. त्यामुळे मामांना हसायचा मला काही अधिकार नाही. पण गोष्ट खोटी आहे.

आधी उन्हाचं बघू, कारण तेवढाच भाग थोडाफार खरा आहे. मी ॲटलास उघडला, काडेपेटीची बोट केली आणि ती जिब्राल्टरपासून ढकलत निघालो. भूमध्य समुद्रात बोट पूर्वेला चालते, डावं अंग उत्तरेला, म्हणजे सावलीत. ठीक. सुएझनंतर काडेपेटी दक्षिणेला वळली. तांबडा समुद्र उतरताना डाव्या अंगाला अरबस्तान. तिकडून सकाळचं ऊन येतं, दुपारनंतरचं रखरखीत ऊन उजव्या अंगावर. रात्री झोपायच्या वेळी डावीकडची केबिन निवलेली असणार. इथपर्यंत फॉरवर्डवाल्याला मार्क द्यायला हरकत नाही.

एडन सोडलं की घोळ सुरू होतो. तिथून मुंबई ईशान्य-पूर्वेला. थंडीच्या दिवसांत सूर्य दक्षिणेला, तेव्हा डावी बाजू बरी. पण मे-जूनमध्ये तो उत्तरेकडे सरकलेला असतो आणि उतरतीचं ऊन तिरपं डाव्याच अंगावर येतं. शिवाय जूनपासून नैर्ऋत्येचा मोसमी वारा सुटतो, तो येतो उजवीकडून. पंखा नसलेल्या लोखंडी केबिनीत माणूस सावली मागेल की वारा, हे कोकणातल्या कुणालाही विचारा. म्हणजे ‘डावी बाजू कायम चांगली’ हे ऋतू बघून ठरायचं. आणि कुठली केबिन बरी हे जाणत्या प्रवाशाला माहीत असणं वेगळं, त्यातून शब्द जन्मणं वेगळं.

आता शिक्का. पी अँड ओ हे नाव १८४० पासूनचं आणि सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. इतक्या वर्षांत किती हजार तिकिटं निघाली असतील! लोक बोटीवरचं जेवणाचं मेनूकार्डसुद्धा जपून ठेवतात. कंपनीचे कागद ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. तरी पी-ओ-एस-एच असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही. मग्ज आणि टी-शर्ट तेवढे मिळतात.

आणखी एक. ‘आउट’ आणि ‘होम’ हे शब्द साहेबाच्या बाजूने आहेत. मुंबईहून विलायतेला शिकायला निघालेल्याचं काय? ४ सप्टेंबर १८८८ ला मोहनदास गांधी ‘क्लाइड’ नावाच्या बोटीने मुंबईहून निघाले. त्यांच्यासाठी ‘आउट’ म्हणजे पश्चिमेला. त्यांच्या तिकिटावर मग एस-ओ-पी-एच मारायला हवं होतं. ‘काय सोफ घर आहे तुमचं!’

फॉरवर्ड सगळ्यात लंगडा पडतो तो काळाच्या हिशेबात. अँग्लो-इंडियन बोलीचा मोठा कोश ‘हॉब्सन-जॉब्सन’, पहिली आवृत्ती १८८६, दुसरी १९०३. साहेबलोकांच्या तोंडी बसलेला एकही शब्द सुटू नये अशा हव्यासाने केलेलं काम. त्यात आपल्या पापडालासुद्धा ‘पॉपर-केक’ म्हणून जागा आहे. ‘पॉश’ची नोंद नाही. ज्या लोकांच्या बोटीवर तो शब्द जन्मला म्हणे, त्यांच्याच कोशात पापड आहे आणि पॉश नाही.

‘झकपक, भारी’ या अर्थाने तो छापील इंग्रजीत दिसू लागतो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. २५ सप्टेंबर १९१८ च्या ‘पंच’ साप्ताहिकात एक व्यंगचित्र आहे. हवाईदलातला तरुण अधिकारी आईला सांगतोय की तिकडे आमचा वेळ अगदी पॉश गेला. विनोद त्या नव्या तरुणी बोलीचा आहे. पन्नास वर्षं तिकिटावर छापला जाणारा शब्द असता, तर त्यात हसण्यासारखं काय होतं?

आणि बोटीची गोष्ट? ती छापील सापडते थेट १९३५ मध्ये, टाइम्सच्या साहित्य पुरवणीला आलेल्या एका वाचकपत्रात. तिथे ती ‘अमेरिकी’ जहाजी संज्ञा म्हणून सांगितली आहे. हिंदुस्थान, पी अँड ओ, जांभळा शिक्का हा सगळा मसाला मागाहून पडला.

तसंही, आद्याक्षरं जोडून शब्द करण्याची खोड इंग्रजीला फार जुनी नाही. दोन महायुद्धांच्या काळात सैन्याने आणि सरकारी खात्यांनी ती लावली. ‘रडार’ खरोखर तसा बनला. पण म्हणून जुने शब्द तसे सोडवायला गेलं की फसायला होतं. ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ नाही, ते ‘न्यू’चं अनेकवचन आहे, नव्या गोष्टी. ‘गोल्फ’ म्हणजे ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’, फक्त पुरुषांसाठी, बायकांना मज्जाव, असंही फिरतं. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १४५७ मध्ये गोल्फवर बंदी घातली तेव्हा तो शब्द वापरलाय, त्या काळात आद्याक्षरांचे खेळ कोण करत बसलं होतं? आपल्याकडेही ‘पायाने मळतात म्हणून पाव’ सांगणारे आहेतच. पोर्तुगीजांचा ‘पांव’ गोव्यात रोज सकाळी दारात येतो, तरी.

मग पॉश आला कुठून? इंग्रजी कोश प्रामाणिकपणे सांगतात की उगम पक्का नाही. पण जे पुरावे आहेत ते पहिल्या वर्गाच्या केबिनीकडे नेत नाहीत, लंडनच्या गल्लीबोळांत नेतात. एकोणिसाव्या शतकात तिथल्या चोर-भुरट्यांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसा, तोही चिल्लर. १८८९ च्या सुमाराच्या बारेर आणि लेलँड यांच्या कोशात तो असा दिलाय: मुळात अर्धी पेनी किंवा असंच बारकं नाणं, रोमानी भाषेतल्या ‘पॉश’वरून. रोमानी म्हणजे युरोपभर फिरणाऱ्या रोमा लोकांची भाषा. तिच्यात पॉश म्हणजे अर्धा, आणि अर्ध्या पेनीला ‘पॉश-होरी’. याच कोशात पॉशचा आणखी एक अर्थ आहे: नटवा, छानछोकी करणारा माणूस. त्याच सुमारास ‘पंच’मध्ये ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ ही विनोदी रोजनिशी येत होती. तिच्यात हॅटच्या धंद्यात पैसा केलेला एक जण येतो, आडनाव पॉश. रोजनिशी लिहिणाऱ्या ग्रोस्मिथ बंधूंनी ते उगीच ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

चिल्लर, मग पैसा, मग पैसा मिरवणारा, मग मिरवण्यासारखी वस्तू. ही चढण मला पटते. प्रत्येक पायरीचा पुरावा हातात नाही हे खरं, पण निदान पायऱ्या तरी दिसतात. बोटीच्या गोष्टीत नुसता जांभळा शिक्का आहे, आणि तोही दिसत नाही.

वर चढल्यावरही शब्द स्वस्थ बसला नाही. आज इंग्लंडमध्ये एखाद्याला पॉश म्हटलं तर ते त्याच्या घराबद्दल कमी आणि उच्चारांबद्दल जास्त असतं: महागड्या शाळेत गेलेला, नाकातून बोलणारा, बापजाद्यांची इस्टेट असलेला. त्यात कौतुक थोडं, टोमणा जास्त. मराठीत आला तेव्हा हा टोमणा तिकडेच राहिला. ‘पॉश वस्तीत घरफोडी’ ही बातमी वाचताना कुणाच्या मनात उच्चार येत नाहीत, लिफ्ट आणि ग्रॅनाइटचा ओटा येतो. आपल्याकडे कालपरवा पैसा आलेल्याचा फ्लॅटही बिनदिक्कत पॉश असतो. तिकडे त्याला तो मान मिळायला दोन पिढ्या जाव्या लागतील.

गंमत म्हणजे आद्याक्षरांचा खरा पॉशही आता आहे, आणि तो भारतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ऑफिसात त्यासाठी अंतर्गत समिती लागते, आणि बोलताना तिला सगळे ‘पॉश कमिटी’ म्हणतात. कायद्याच्या अधिकृत नावाची आद्याक्षरं जुळवून मात्र पॉश होत नाही, ते ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’ या सुटसुटीत रूपावरून पडलेलं नाव आहे.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, आणि नको तिथे एक शेपूट जोडलं. रोमा लोकांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच उत्तर भागातून बाहेर पडले. त्यांच्या भाषेत नाकाला नाक आणि पाण्याला पानीच म्हणतात. त्यांचा ‘पॉश’ म्हणजे अर्धा, हा शब्द भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘पार्श्व’शी, म्हणजे बाजूशी जोडतात. आपलं ‘आईपाशी’मधलं ‘पाशी’ही त्याच ‘पार्श्व’चं.

दहा मिनिटांत मामांचा मेसेज आला: ‘म्हणजे पॉश हा मूळ मराठी शब्द! पुढे पाठवतो.’

मामा, नका हो. रोमानी मराठीतून निघालेली नाही. लांबची चुलत आहे. आणि पॉशचा उगम पक्का नाही, हे वर लिहिलंय.

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.