दंडाची पावती किरकोळ खर्चात टाकू नका

मी ठाण्यात आणि नवी मुंबईत छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते. मार्चअखेर जवळ आली की व्हाउचरच्या फायलींमधून एक कागद हमखास निघतो. पालिकेच्या दंडाची पावती. वीजबिलामागे टाचलेली, कार्बनची, अर्धी पुसट. मालक म्हणतात, "टाका हो मॅडम किरकोळ खर्चात."

एक तर तो तसा टाकता येत नाही. कायदा मोडल्याबद्दल भरलेला दंड आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळत नाही. पण मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल: दंड मान्य नसेल तर काय करायचं.

प्लॅस्टिकचंच घ्या. राज्याची बंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे तुम्ही "जाऊ दे" म्हणून भरलेले पाच हजार तिथेच संपत नाहीत, ती तुमच्या नावावरची पहिली नोंद होते. पुढच्या वेळी मोजणी तिथून सुरू होते. आणि जागेवर दंड भरणं म्हणजे प्रकरण तडजोडीने मिटवणं. कोर्टकचेरी टळते हे खरं, पण "माझं चुकलंच नव्हतं" हे नंतर सांगायला फारशी जागा उरत नाही.

माझ्याकडे एका फरसाणवाल्यांचे हिशेब आहेत. मागच्या खोलीत कढई, पुढे काउंटर. माल तिथेच तळतात, पाकिटात भरून सील करतात, वर दुकानाचं नाव, वजन, तारीख छापलेली असते. त्यांच्याकडून ही पाकिटं जप्त झाली आणि दंड झाला. आता बंदीच्या अधिसूचनेत उत्पादनाच्या ठिकाणी होणाऱ्या पॅकिंगला सूट दिलेली आहे. मग जो माणूस स्वतः माल बनवतो आणि सील करतो, तो उत्पादक की किरकोळ विक्रेता? हा खरोखर वादाचा मुद्दा आहे. निकाल त्यांच्या विरोधात गेला असता असंही होऊ शकतं. पण हा मुद्दा त्यांनी कुणापुढे मांडलाच नाही. गिऱ्हाईक उभं होतं, पथक उभं होतं, त्यांनी गल्ल्यातून पैसे काढून दिले आणि पंचनाम्यावर न वाचता सही केली. पावतीवरचं कलम मला भिंग लावूनही वाचता आलं नाही.

ज्यांच्या काउंटरखाली हँडलच्या पातळ पिशव्यांचे गठ्ठे असतात त्यांची बाजू मी घेणार नाही. त्यांनी दंड भरावा आणि पिशव्या बंद कराव्यात. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना तुंबलेल्या नाल्यांबद्दल मी काय सांगू! माझं म्हणणं ज्यांची बाजू खरी आहे, निदान मांडण्यासारखी आहे, त्यांच्याबद्दल आहे.

अशा वेळी पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. सही करताना स्वतःच्या अक्षरात "हरकत राखून" असं लिहा. जप्त मालाचा आणि त्यावरच्या छपाईचा फोटो काढा. कलम वाचता येत नसेल तर तिथेच विचारून पावतीवर स्पष्ट लिहून घ्या. मग एक साधा अर्ज: ठाण्यात प्रभाग समितीच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावे, नवी मुंबईत विभाग अधिकाऱ्यांच्या नावे. काय जप्त झालं, तुमचं म्हणणं काय, सुनावणी मिळावी, एवढंच. वकिली भाषा नको. स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नव्हता असं समजा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पंचनाम्याची प्रत आणि अर्जावर काय कारवाई झाली ते मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तोही मार्ग आहे.

दंड भरायला सरळ नकार देता येतो. मग पालिकेला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खटला भरावा लागतो आणि गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर येते. पण वकिलाची फी आणि दुकान बंद ठेवून घातलेल्या तारखा धरल्या तर पाच हजारांसाठी हे कुणाला परवडणार? मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. खरी बाजू असलेला माणूसही पैसे देऊन मोकळा होतो, कारण भांडणं दंडापेक्षा महाग पडतं.

पैसे देताना मात्र पावती आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. कुणाच्या खाजगी नंबरवर यूपीआय तर अजिबात नको. खरं पथक असेल तर त्याला याचा राग यायचं कारण नाही.

मालमत्ता कराचं गणित वेगळं आहे. तिथे थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, त्यामुळे वाद असला तरी हातावर हात ठेवून बसू नका. आकारणी मान्य नसेल तर आधी पालिकेकडे तक्रार, तिचा निकाल लागल्यावर १५ दिवसांत कोर्टात अपील. आणि त्यासाठी मागणीची रक्कम आधी भरावी लागते. "केस चालू आहे, म्हणून भरत नाही" म्हणणाऱ्यांचे आकडे वर्षाच्या शेवटी मी पाहते, म्हणून सांगते.

पालिकांकडे माझं मागणं मोठं नाही. पावती छापील असावी, कलम वाचता यावं, दंड करणाऱ्याचं पदनाम असावं आणि खाली एक ओळ असावी: हा दंड मान्य नसल्यास इतक्या दिवसांत अमुक कार्यालयात अर्ज करावा. प्रभाग कार्यालयात आठवड्यातला एक दिवस या अर्जांच्या सुनावणीसाठी राखून ठेवावा, तोही दुपारी, जेव्हा दुकानं तशीही थंड असतात. ज्याला आपलं म्हणणं ऐकलं गेलं असं वाटतं, तो दंड भरतानाही कुरकुरत नाही, आणि पुढच्या वेळी नियम पाळतो.

नौपाडा, वागळे, वाशी, कोपरखैरणे, जिथे जिथे व्यापारी संघटना आहेत, त्यांनी ही मागणी ठराव करून आयुक्तांकडे पाठवावी. ठरावाचा आणि हरकतीच्या अर्जाचा साधा मसुदा माझ्याकडे तयार आहे. हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवते.