अंगठा त्यांचा, पिन माझा?

समोर पोलीस उभा आहे, हातात तुमचा लॉक असलेला फोन आहे आणि तो म्हणतोय, "उघडा." नाही म्हणता येतं का? सरळ प्रश्न आहे, हो की नाही एवढंच सांगा ना! पण नाही. उत्तर येतं, "तुम्ही फोन कशाने उघडता?" अरे, याच्याशी काय संबंध?

तर संबंध आहे म्हणे. पिन डोक्यात असतो, तो सांगणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं, आणि तशी सक्ती आरोपीवर करता येत नाही. अंगठा पडला शरीराचा भाग, तो नुसता टेकवायचा. भारतात हे येतं १९६१च्या काठी कालू ओघड निकालातून. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी ठरवलं की बोटांचे ठसे देणं ही साक्ष नव्हे. तेव्हा ते बरोबरही होतं. शाईत बोट बुडवून कागदावर उमटवायचं, त्यातून माणूस कोण एवढंच कळायचं. आज तोच अंगठा टेकवला की दहा वर्षांची चॅट, बँक, फोटो, दवाखान्याचे रिपोर्ट, रात्री दोनला मैत्रिणीने रडत पाठवलेले मेसेज, सगळं धाडकन समोर. आणि नियम मात्र शाईच्या जमान्यातला!

बरं, पिनचं तरी नक्की आहे का? तेही नाही. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालय म्हणालं, पासवर्ड देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. पुढच्याच वर्षी दिल्लीतलं विशेष सीबीआय न्यायालय म्हणालं, आरोपीवर पासवर्डची सक्ती करता येणार नाही. अमेरिकेत तर २०२० या एकाच वर्षात इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने पासकोडला संरक्षण दिलं आणि न्यू जर्सीच्या न्यायालयाने सांगितलं, मुकाट्याने सांगा. (त्या न्यू जर्सीच्या खटल्यातला आरोपी शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्याच, खात्यातला माणूस होता, हे आणखी वर!) अंगठ्याचाही तोच घोळ. मिनेसोटात २०१८ मध्ये सक्ती चालली, आणि जानेवारी २०२५ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधल्या संघीय अपील न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. ब्रिटनचं त्यातल्या त्यात स्पष्ट आहे. तिथे २००० सालच्या कायद्याखाली रीतसर नोटीस येते, आणि ती धुडकावली तर दोन वर्षांपर्यंत आत, काही गुन्ह्यांत पाच. जाच आहे, पण निदान कळतं तरी! इथे मोठमोठे न्यायाधीश एकमेकांशी सहमत नाहीत आणि आम्ही चौकीतल्या बाकावर बसून अर्ध्या मिनिटात ठरवायचं.

त्यात ते शहाणे. "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" अहो, फोनमध्ये मी एकटा आहे का? त्या मैत्रिणीला कुणी विचारलं? २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की अटक झालेल्या माणसाचा फोनसुद्धा सहसा वॉरंटशिवाय चाळता येणार नाही, खिशातल्या इतर वस्तूंसारखी ही वस्तू नाही. आरोपीला हे संरक्षण, आणि मी संशयितही नसताना आपण होऊन फोन पुढे करायचा?

पण खरी चीड येते ती पुढच्या प्रकाराची. हे सगळे निकाल सक्तीबद्दल आहेत. सक्ती करतोय कोण? "जरा दाखवा की, दोन मिनिटांचं काम आहे." आवाज गोड, पण दाराशी आणखी दोघं उभे. हुकूम आहे की विनंती, हे मुद्दाम कळू द्यायचं नाही. तुम्ही घाबरून अंगठा टेकवता आणि संपलं. वॉरंट नको, न्यायाधीश नको, १९६१ नको की २०२५ नको. तुम्ही संमती दिलीत ना!

म्हणून तोंडावर विचारा, "हा आदेश आहे का? वॉरंट दाखवा." आदेश असेल तर झटापट करू नका, फोन हिसकावू नका, काही पुसायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका, त्याचा वेगळा गुन्हा लागू शकतो. वकील मागा. आणि नुसती विनंती असेल तर नाही म्हणा, तेही स्पष्ट शब्दांत. नंतर कागद पुढे येईल, त्यात "स्वखुशीने फोन उघडून दिला" अशी ओळ असेल. तसं घडलं नसेल तर ती खोडायला लावा, त्याशिवाय सही करू नका.